टिमकीचा आवाज

अशोक स्तंभामागे, झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला.
चपला जिन्यात. मोबाइल बंद.
आतली एकुलती खुर्ची करकरते
म्हणून मी उभीच.
समोर पडद्यावर टिमकी:
वय पंधरा, केस निळे, गुडघ्याला पट्टी,
कुठल्याशा परक्या शहरातल्या गॅरेजात ड्रम बडवणारी.
माझं वय एक्कावन्न.
सकाळी पतपेढीत कॅश मोजते,
दुपारी साडेतीनपासून ही.

तिचं तोंड आधीच हलून गेलेलं असतं.
मी फक्त त्यात मराठी कोंबते,
छोट्या पिशवीत मेथीची मोठी जुडी कोंबावी तशी.
ओठ मिटले की प, ब, म यातलं काहीतरी लागतंच.
“मी नाही येणार” बसत नाही,
“नाही येणार मी” बसतं.
म्हणून टिमकी जरा उलटं बोलते
आणि पोरांना वाटतं, काय बंडखोर आहे!

कल्ला कंपनी. चौघी.
बाकी तिघींचे आवाज पुण्यात भरतात,
मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.
स्पर्धा हरल्यावर चौघी गळ्यात गळे घालून रडतात
तेव्हा इथे मी एकटीच हुंदके देत असते,
आणि काचेपलीकडे तौफिक
एका हाताने बटण धरून
दुसऱ्याने भेंडीची भाजी खातो.

सव्वीस भाग. पुन्हा सव्वीस. पुन्हा.
ती पंधराचीच.
माझी मधल्या काळात एक दाढ गेली, एक दात गेला,
‘स’ सांडायला लागला.
ताई, ‘स’ जरा सांभाळा, तौफिक म्हणाला.
सांभाळला.

ड्रम मात्र माझा नाही.
तो तिकडूनच येतो, वेगळ्या ट्रॅकवर, वाजवून तयार.
टिमकी काठ्या उचलते, घाम उडतो,
तेवढ्यात माझं एक हं, एक हा,
एक दमलेला श्वास.
ठोका पडतो तेव्हा मी गप्प असते.

ऑगस्टात गंगापूर रोडला
मैदानाच्या फाटकावर स्कूटर अडकली,
पथकाचा सराव सुटलेला, ढोलांची रांग आडवी.
मी म्हटलं, ए, सरका ना जरा!
एक मुलगी वळली. कमरेला ढोल, कपाळाला रुमाल.
परत बोला, म्हणाली.
काय?
तेच. परत.
मी बोलले.
ती किंचाळलीच, अगं ईशान्ये, टिमकी!

मी म्हटलं, नाही गं, मी उपनगरची.
कोण ऐकतंय.
सहा-सात जणी गोळा. कुणी मेकॅनिकलला, कुणी बारावीला,
एकीचं तर लग्न ठरलेलं, मेंदीच्या डिझाइनवरून भांडण चालू.
तुमच्यापायी मार खाल्लाय, एक म्हणाली,
आईची पोळपाट फोडली होती वाजवून वाजवून.
हे तिने आभार मानावेत तसं सांगितलं.
मग काही न विचारता
माझ्या साडीवरून पट्टा आवळला,
हातात टिपरू दिलं.

मला वाटलं होतं, येत असेल.
इतकी वर्षं तिच्या हातांकडे बघतेय.
पहिला टोल चुकला.
दुसरा कातड्याच्या कडेवर, खट्ट, डबा पडल्यासारखा.
तिसरा मात्र पोटात गेला,
म्हणजे खरंच पोटात, नाडीच्या गाठीपाशी,
आणि तोंडातून काहीच निघालं नाही.
ना हं, ना हा.
पोरी थांबल्या. एक म्हणाली, काकू, श्वास घ्या.

सोमवारी भाग एकशे चार.
टिमकी कंपनी सोडून चाललीय, वडिलांची बदली.
शेवटचा ठोका, मग मोठा क्लोजअप,
ओठ मिटलेले. संवाद नाही.
फक्त श्वास, असं कागदावर लिहिलेलं.

मी दिला.
तौफिकने मान वर केली.
ताई, आज जड आला जरा. दुसरा घेऊ?
मी खांदा चोळत म्हटलं,
तो ढोल आठ किलोचा आहे, तौफिक.
त्याला काही कळलं नाही.
डब्याचं झाकण लावलं त्याने,
आणि तोच ठेवला.